कामतेकर बाईंचे डबे

कामतेकर बाईंना हर्षलने दोनदा फसवलं. पहिल्यांदा त्यांच्या माघारी, आणि दुसऱ्यांदा त्यांच्यासमोर बसून, त्यांनाच कॉफी पाजून. दुसऱ्या वेळी मी बाजूच्या खुर्चीवर होतो. जुन्या पुस्तकांच्या धंद्यात माझे केस पिकलेत. मला फसवून गेलेले लोक आहेत, मी गुंडाळलेलेही आहेत. पण माझ्या डोळ्यांदेखत, हसत हसत, कोणी कोणाला इतकं लुटलेलं मी पाहिलं नव्हतं. बाईंना विचाराल तर त्या म्हणतील, फसवलं कुठे? म्हणून त्यांना विचारू नका. मी सांगतो.

मुलुंड पश्चिमेला माझं दुकान आहे. फुटपाथवर चादर अंथरून सुरुवात केली होती, आता डोक्यावर पत्रा आहे आणि पुढे शटर आहे. शाळा-कॉलेजची जुनी पुस्तकं घेतो, विकतो. जूनमध्ये आईबाप येतात आणि एकच प्रश्न विचारतात: पोराला कॉम्प्युटरची भाषा शिकायची आहे, कुठलं पुस्तक देऊ? मी जाड पुस्तक देतो. जाड पुस्तक हातात घेतलं की बापाला वाटतं आपण काहीतरी केलं. त्यात माझंही भलं असतं.

असाच एक गृहस्थ मुलीसाठी जाड पुस्तक घेत होता, सौदा पक्का व्हायच्या बेतात आला होता, आणि मागून आवाज आला, "ते नको." वळून बघितलं तर एक उंच, काटकुळ्या बाई. सुती साडी, पायात पांढरे खेळाचे बूट, खांद्याला कापडी पिशवी. त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. गृहस्थाला म्हणाल्या की, हे पुस्तक मुलगी निम्म्यापर्यंत वाचेल आणि मग खिडकीत ठेवेल, त्यापेक्षा खालच्या फळीवर ते पातळ पुस्तक आहे ते घ्या. खालच्या फळीवर ते आहे हे मलाही माहीत नव्हतं.

मी तापलो. धंद्याच्या वेळेला मधे बोलू नका म्हणालो, आणि आणखीही काही म्हणालो, ते मालवणीत. मला राग आला की माझी मराठी गावाला जाते. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "हे जाड पुस्तक तुम्ही वाचलंय?"

"मी विकतो. वाचत नाही."

"मग रविवारी पाच वाजता या. पूर्वेला, स्टेशनपासून लांब नाही. पातळवालं घेऊन या."

तेवढ्यावर थांबल्या नाहीत. त्या पातळ पुस्तकाच्या माझ्याकडे होत्या तेवढ्या सगळ्या प्रती त्यांनी काढायला लावल्या आणि एक भाव सांगितला. मी दुप्पट सांगितला. त्या गप्प बसल्या. पंख्याकडे बघत राहिल्या. मी थोडा खाली आलो. त्या पंख्याकडेच. शेवटी त्यांच्याच भावात मी पुस्तकं बांधून दिली. कोण काही बोललं तर मला भांडता येतं. न बोलणाऱ्या माणसाशी भाव कसा करायचा ते मला आजही कळलेलं नाही.

पुस्तकाचं नाव मी इथे लिहीत नाही. लिहिलं तर उद्या सगळे रद्दीवाले भाव चढवतील.

बाई एका मोठ्या कचेरीच्या संगणक विभागात आयुष्यभर नोकरी करून निवृत्त झालेल्या. लग्न केलेलं नाही. दोन खोल्यांचं घर, त्यातल्या हॉलमध्ये शनिवार-रविवार वर्ग. शेजारपाजारची मुलं, भांडुप-नाहूरहून येणारी काही. हॉलमध्ये कॉम्प्युटर होता, पण त्यावर क्रोशाचं झाकण. पहिला महिना ते झाकण निघत नसे. "आधी कागद, मग कळ," असं त्यांचं ठरलेलं वाक्य. मुलं कागदावर प्रोग्रॅम लिहीत आणि तो चालवून बघायचा तर स्वयंपाकघरातून डबे यायचे.

स्टीलचे डबे. प्रत्येकावर चिठ्ठी चिकटवलेली: अ, ब, क. आत हरभरे नाहीतर मूग. हॉलच्या मध्यभागी एक स्टूल, त्यावर बसेल तो मुलगा यंत्र. दुसऱ्याने लिहिलेला कागद त्याच्या हातात द्यायचा आणि कागदावर जे लिहिलंय तेच त्याने करायचं. "अ मधलं ब मध्ये" असं लिहिलं असेल तर अ मध्ये जितके हरभरे तितकेच पोत्यातून मोजून ब मध्ये टाकायचे, अ ला हात लावायचा नाही, आणि ब मध्ये आधी जे असेल ते ताटलीत ओतून टाकायचं. ताटलीतलं परत मिळायचं नाही. त्यामुळे रविवारी रात्री बाईंकडे कायम मिसळलेल्या कडधान्यांची उसळ असे, आणि आम्हालाही डब्यात मिळे.

पुस्तकाचे नियमही त्यांचेच. पानाखालचे सगळे प्रश्न सुटल्याशिवाय पुढचं पान उलटायचं नाही. पुढची पानं त्या रबरबँडने बांधून द्यायच्या. भाषा एकच, सी. पालक म्हणायचे की आता नव्या, सोप्या भाषा आल्यात. त्यावर बाई म्हणायच्या, सोप्या भाषा आहेतच, मला येतात, पण पहिली भाषा लाड न करणारी असावी. मुलाला कळलं पाहिजे की मूग आपणच ओतले. नंतर काय वाटेल ते शिका.

मी त्या रविवारी गेलो तो भांडायला. दुसऱ्या रविवारी गेलो कारण पहिल्या रविवारचा हिशेब चुकता करायचा होता. मग जातच राहिलो. दहावीच्या पुढे न शिकलेला माणूस, सगळ्यात मागे, भिंतीला टेकून. एकदा बाईंनी मला स्टुलावर बसवलं. एका मुलीने लिहिलं होतं: अ आणि ब मधला माल अदलाबदल करा. तिचा कागद म्हणत होता, अ मधलं ब मध्ये, मग ब मधलं अ मध्ये. अ मध्ये हरभरे, ब मध्ये मूग. मी मूग ओतून टाकायच्या ऐवजी मुठीत धरून ठेवले. दिसत होतं की पुढच्या ओळीला लागणार आहेत.

बाई म्हणाल्या, "मुठीत काय आहे?"

"मूग."

"टाका ताटलीत."

"चांगले मूग आहेत. तिची चूक झालीय, मी सांभाळून घेतो."

"सावंत, तुम्ही मदत करताय. यंत्र मदत करत नाही."

पोरं फिदीफिदी हसली. मी उठून उभा राहिलो. म्हटलं, एवढा खटाटोप कशाला, डब्यावरच्या चिठ्ठ्याच बदला. माल जागेवर राहू दे, नाव बदललं की झालं. गोदामात आम्ही हेच करतो, गठ्ठे कोण उचलतंय. मला वाटलं, बाई ओरडतील. त्यांनी खडू उचलला. मग म्हणाल्या की, या भाषेत ते चालत नाही, इथे रिकामा तिसरा डबाच लागतो. पण अशा भाषा आहेत जिथे अगदी असंच चालतं, आणि मला ते इतक्या सोप्या शब्दांत कधी सांगता आलं नव्हतं. फळ्याच्या कोपऱ्यात त्यांनी चिठ्ठी काढली, खाली लिहिलं, सावंत. त्यानंतर दर वर्षी नव्या मुलांना ती गोष्ट सांगताना त्या न चुकता म्हणायच्या, हे सावंतांचं. मी समोर नसलो तरी. मला मुलांनीच दुकानात येऊन सांगितलं.

दुसऱ्याची अर्धी ओळसुद्धा स्वतःची म्हणून न खपवणारी ही बाई. हे लक्षात ठेवा आणि मग हर्षलकडे या.

हर्षल भांडुपचा. हुशार होता, ते मी नाकारत नाही. स्टुलावर बसला की दगड. कितीही चुकीचा कागद द्या, डोळ्याची पापणी न हलवता मूग ओतून टाकायचा. बाई कौतुकाने म्हणायच्या, असं यंत्र मला मिळालं नव्हतं. त्याचं पुस्तकातलं पान अडलं तर त्या त्याला सोमवारीही बोलवायच्या. पुढे इंजिनियर झाला, अंधेरीला नोकरीला लागला, दिवाळीला पेढे घेऊन यायचा. मलाही द्यायचा. काका, तुमच्या पातळ पुस्तकाने वाट लावली होती, म्हणायचा, आणि आम्ही हसायचो.

मग नोकरी सोडून त्याने मोबाइलवर शिकवायला सुरुवात केली. माझ्याकडे येणाऱ्या मुलांच्या तोंडी त्याचं नाव यायला लागलं. पुस्तक मागेनात. हर्षल सर म्हणतात पुस्तक नको, पहिली भाषा पायथन, सी आता कोण शिकतं. ठीक आहे, ज्याचा त्याचा धंदा. मीही जाड पुस्तकं विकलीत. पण एक मुलगा काळा टी-शर्ट घालून आला, त्याच्या छातीवर पांढऱ्या अक्षरांत छापलं होतं: यंत्र मदत करत नाही. विचारलं कुठून आणलास. म्हणाला, हर्षल सरांच्या कोर्ससोबत मिळतो.

त्याच्याच मोबाइलवर पहिला धडा बघितला. टेबलावर स्टीलचे डबे. चिठ्ठ्या लावलेले. आत हरभरे. बाजूला स्टूल. तोंडात बाईंची वाक्यं, एकामागून एक. बाईंचं नाव नाही.

त्या वर्षी बाईंच्या हॉलमध्ये मुलं निम्म्यावर आली. पालक दारातच विचारायचे, पायथन शिकवता का? बाई म्हणायच्या, नंतर. पालक जिना उतरायचे. पुढच्या जूनमध्ये दोन मुली उरल्या. बाईंची पेन्शन होती, पोटाचा प्रश्न नव्हता. प्रश्न शनिवार-रविवारचा होता. मुलं नसतील तर त्या घरात बाईंनी करायचं काय? मला उपाय दिसत होता. हर्षलने त्या धड्यात एकदा, फक्त एकदा म्हणायचं, की हे मी मुलुंडच्या कामतेकर बाईंकडे शिकलो. त्याला बघणारी पोरं इतकी, की हॉल पुरला नसता.

म्हणून मी बाईंना दुकानात बोलावून तो धडा दाखवला. मला वाटलं होतं, त्या भडकतील, मग दोघं मिळून जाऊ. त्यांनी चष्मा पुसून पहिल्यापासून बघितलं. म्हणाल्या, डबे छान आहेत, नवे घेतलेत वाटतं. मी दात आवळले. मग एका जागी त्या ताठ झाल्या, बोटाने मागे नेलं, पुन्हा बघितलं.

"हे चूक आहे."

"चूक नाही बाई, चोरी आहे."

"ते नाही हो. तो चुकीचं शिकवतोय."

मग समजावून सांगितलं. त्यांच्या सीमध्ये प्रत्येक नावाचा डबा वेगळा. अ मधलं ब मध्ये टाकलं आणि ब मधलं खाल्लं, तर अ भरलेलाच. पण हर्षलच्या भाषेत जिन्नसांची यादी एकच असते, आणि तिला अ म्हणा की ब म्हणा, नावं फक्त चिकटवलेली. ब म्हणून त्यातलं खाल्लं तर अ मधलंही गेलं, कारण दोन याद्या नव्हत्याच. हर्षलने डबे उचलले आणि जिथे डबे चालत नाहीत तिथे नेऊन मांडले. दोन डबे दाखवून म्हणाला, दुसऱ्यातलं काढलं तरी पहिला तसाच. घरी मुलगी करून बघेल तेव्हा पहिलाही रिकामा निघेल.

मी म्हटलं, "बाई, त्याने तुमचं घर फोडलं आणि तुम्ही म्हणताय त्याने कडी नीट लावली नाही."

"सावंत, ती मुलगी सरांना चूक म्हणणार नाही. तिला वाटेल आपलंच डोकं चालत नाही. आणि ती सोडून देईल." एवढं बोलून त्यांनी पिशवी खांद्याला लावली. "कुठे बसतो तो?"

तर अशा रीतीने आम्ही गेलो. मी नाव मागायला, त्या चूक सांगायला. रिक्षात मी त्यांना बजावलं की आधी मी बोलणार. आपल्याकडे त्याच्या कामाची वस्तू आहे. त्याची चूक काय आहे आणि ती सुधारायची कशी, हे त्याला माहीत नाही. आधी नाव कबूल करून घेऊ, मग वस्तू देऊ. बाई हो म्हणाल्या. मला वाटलं, ऐकलं.

हर्षलची जागा झकास होती. एसी, दिवे, काचेचं दार. त्याने बाईंच्या पाया पडून त्यांना मोठ्या खुर्चीत बसवलं, कॉफी मागवली. मी घसा खाकरून सुरुवात करणार, तोवर बाईंनी पिशवीतून सुतळी आणि पुठ्ठ्याच्या चिठ्ठ्या काढल्या आणि एक चिठ्ठी स्वतःच्या मनगटाला बांधली. मी खुर्चीखालून त्यांच्या बुटाला पाय लावला. त्यांनी पाय बाजूला घेतला.

"हर्षल, डबे नकोत तुझ्या भाषेत. हे बघ. बहीण मला शैला म्हणते." मग दुसरी चिठ्ठी त्याच मनगटाला बांधली. "तू मला बाई म्हणतोस. शैलाला चहा पाजला तर बाईची तहान राहील का?"

हर्षल बघत राहिला. डोक्यात उजेड पडताना मी त्याला लहानपणी पाहिला होता, तसाच चेहरा. "बाई, फ्लोमध्ये बोलून गेलो मी. हे कसलं क्लिअर आहे यार."

"चिठ्ठीची कल्पना सावंतांची," बाई म्हणाल्या.

"मी वापरू?"

"वापर की. चुकीचं शिकवू नकोस म्हणजे झालं."

संपला सौदा. उभ्या आयुष्यात मी असा भाव झालेला पाहिला नाही. गिऱ्हाइकाने मागायच्या आधी माल बांधून, वर सुतळीही देऊन मोकळ्या. तरी मी सोडलं नाही. हर्षलला म्हटलं, "एक मिनिट. बाईंचं नाव?"

"देणार ना काका. खाली लिहितो, डिस्क्रिप्शनमध्ये."

"खाली कोण वाचतं? तोंडाने बोल."

"तोंडाने बोलतो. चिल, काका."

बाईंना संकोच झाला. त्या कॉफी संपवून उठल्या. जिन्यात मला म्हणाल्या, तुम्ही उगाच त्याच्या अंगावर गेलात, चांगला मुलगा आहे.

आठवड्याने नवा धडा आला. मी गल्ल्यावर बसून बघितला, समोर गिऱ्हाईक ताटकळत होतं. हर्षलच्या मनगटाला सुतळी, सुतळीला चिठ्ठी. म्हणतो, आई मला हर्षू म्हणते, तुम्ही मला हर्षल सर म्हणता, हर्षूला कॉफी पाजली तर हर्षल सरांची तहान राहील का? चहाची कॉफी करण्याइतका विचार त्याने केला होता. शेवटपर्यंत बघितलं. खाली लिहिलेलंही वाचलं. टी-शर्ट कुठे मिळेल ते होतं.

फोन केला. म्हणाला, बोललो होतो काका, एडिटिंगमध्ये गेलं. म्हटलं, मग परत घाल. बघतो म्हणाला. त्यानंतर त्याने माझा फोन उचललेला नाही.

बाईंकडे गेलो तेव्हा त्यांनी धडा बघितलेला होता. चेहरा मोकळा. म्हणाल्या, आता अगदी बरोबर शिकवलंय, ती मुलगी सोडणार नाही. कुठली मुलगी ते त्यांनाही माहीत नव्हतं, मलाही नाही. मी विचारलं, आणि तुमचं नाव? म्हणाल्या, "तुमचं नाव यायला हवं होतं. त्याचं मला वाईट वाटलं."

जिना उतरताना मी हर्षलला शिव्या घातल्या. सगळ्या मालवणीत.

त्यानंतरच्या जूनमध्ये वर्गाला कोणी आलं नाही. दिवाळीनंतर बाईंनी घर भाड्याने दिलं आणि चिपळूणला बहिणीकडे राहायला जायचं ठरवलं. सामान आदल्या दिवशी गेलं होतं. सकाळी गाडी आली तेव्हा मी खाली उभा होतो. काच खाली करून त्यांनी विचारलं की दुकानाचं शटर अजून अडकतं का. हो म्हटलं. म्हणाल्या, ओढू नका, तेल घाला, खांदा जाईल. आणखी काही बोलणं झालं नाही. त्या सीटचा पट्टा लावायला लागल्या. तो बसेना. ड्रायव्हर मागे वळला, त्यांनी त्याला हाताने थांबवलं आणि पट्टा पूर्ण मागे सोडून पुन्हा पहिल्यापासून ओढला. गाडी फाटकातून वळेपर्यंत त्या मान खाली घालून तेच करत होत्या. वर बघितलंच नाही.

हर्षल, तू पुस्तकं वाचत नाहीस म्हणतोस, पण हे कोणीतरी तुला दाखवेलच. मला पैसे नकोत, माफी नको, चिठ्ठीवर माझं नाव तर नकोच नको. तू तोंडाने बोलतो म्हणाला होतास. एका वाक्याचं काम होतं. त्या वाक्यासाठी एक बाई आपल्या घरात बसून वाट बघू शकली असती, आणि तिने ती वाटही बघितली नाही, इतका तिचा तुझ्यावर विश्वास. ते वाक्य का कापलंस? एडिटिंगने नाही, तू का कापलंस? सोमवारी दुकान बंद असतं. बाकी सगळे दिवस मी गल्ल्यावर आहे. ये, समोर उभा राहा आणि सांग.